मी मागं बसायचो

मुलाखत क्रमांक सात. मंगळवार पेठ, कोल्हापूर.
नाव: द्वारका ज्ञानू सुतार. वय: "लिव्ह की ऐंशी."
गायिकेशी नातं:
ही जागा तीन महिने रिकामी आहे.

सरांनी तिथं आधी पेन्सिलीनं लिहिलं, शिष्या.
पण द्वारकाक्का कधी गायलीच नाही.
मग सोबतीण, मग त्यावर काट,
मग सेविका, आणि पुढं प्रश्नचिन्ह.
सर वाईट नाहीत. स्वतः चहा करून देतात
आणि म्हणतात, आपला विषय राग आहे, वृषाली,
घरात कोण राहत होतं हा नाही.

सगुणा हुपरीकर जोडराग गायची.
दोन राग असे मिसळायचे की सांधा दिसू नये,
यावर माझं अख्खं तिसरं प्रकरण आहे.
तक्ते, आलेख, स्वरलिपी.
न दिसणाऱ्या सांध्यावर मी कितीही लिहिलेलं
सरांना चालतं.

द्वारकाक्का म्हणाली,
"मी मागं बसायचो. एकेचाळीस वर्सं.
तिचं त्वांड लोकांकडं. मला दिसायचा
तिचा आंबाडा, मानंवरचा तीळ,
आन् तान वर चढली की
पोलक्याच्या शिवणीवर पडायचा त्यो ताण.
म्होरच्यांनी गाणं ऐकलं.
मी पाठ ऐकली."

पुण्याच्या तज्ज्ञ बाईंनी लाल शाईनं सुधारलं:
बसायचो नव्हे, बसायचे. व्याकरण पाहावे.
आता त्यांना कोण सांगणार, आमच्याकडं बायका
भाजी आणायलासुद्धा "जातो" म्हणूनच जातात,
माझी आई "मी दमलो" म्हणत म्हणत
बाळंत झाली.

आणि त्या मिशाळ बुवांचं काय,
जे भर बैठकीत
सासू जागी होईल म्हणून पैंजण आवरतात?
त्यांना कुणी लाल शाई लावली नाही.
तिथं म्हणे आत्मा असतो.
आत्म्याला सगळं माफ.

मी बंदिशींच्या वह्या पुन्हा काढल्या.
पिया परदेशात. पिया सवतीकडं. पिया आलाच नाही.
आणि हे सगळं जिला सांगितलं जातं ती सखी
रात्रभर तिथंच, उशाशी.
ती कुठं गेली नाही म्हणून तिचा विरह नाही,
विरह नाही म्हणून तिच्यावर कुणाचा प्रबंध नाही.
सर म्हणतात, सखी हे निमित्त.

तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारांना जोड म्हणतात.
दोन्ही एकाच षड्जात. एक छेडली
की दुसरी बोट न लावता थरथरते.
सगुणाचा मिरजेचा तानपुरा
द्वारकाक्काच्या खाटेला टेकून उभा आहे,
गवसणी जुन्या हिरव्या इरकलीची.
"भोपळ्याला तडा गेलाय. लावत न्हाई आता.
खरं दुपारी बोळातनं रिक्षा हॉर्न मारत गेली
की आतल्या आत बोलतोय."

मी विचारलं, माणसं काय म्हणायची तुम्हांला?
"म्हणायची, सख्ख्या भैनी जनू."
आणि पदर तोंडाला लावून एवढी हसली
की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.
तांब्या खाली ठेवता ठेवता म्हणाली,
"आन् तुझ्या खोलीवर ऱ्हाती, ती कोन गं तुझी?"

रेकॉर्डर चालू होता.
राजारामपुरी सातव्या गल्लीत, घरमालकांना
आम्ही मावसबहिणी सांगितलंय.
रेकॉर्डिंगमध्ये पुढं नुसता पंखा आहे,
बावीस सेकंद.
मग माझाच आवाज, पण मला न ओळखू येणारा,
आईसारखा, गल्लीतल्या सगळ्या बायकांसारखा:
"मी तिच्यासंगट ऱ्हातो, आक्का."
"मग तसं म्हन की," ती म्हणाली.
"मावशीला कशाला मधी घेतीस?"

काल प्रबंध परत नेऊन दिला.
बसायचो तसंच ठेवलंय.
रिकाम्या जागी लिहिलंय, जोड.
सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.
ही संज्ञा रागातली की तानपुऱ्यातली?
म्हटलं, तळटीप देतो, सर.
सर काही बोलले नाहीत.
उठून चहाचं आधण ठेवलं.